इंदूकाकी आणि घाटावरची लुगडी

इंदूकाकी माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याच्या अंगावरच्या कापडाला हात लावायची. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात बाही धरायची, जरा चुरायची आणि मगच वर तोंडाकडे बघायची. मालवणच्या बाजारात नव्याने आलेल्या पुष्कळांनी तिच्याकडून अशी तपासणी करून घेतली आहे. बदली होऊन आलेला एक फौजदार तिच्या दुकानावरून जाताना सहज थांबला, तर तिने त्याच्या गणवेशाची बाही धरली आणि म्हणाली, "सरकारान कापड बरा दिल्यान, पण शिंप्यान वाट लावल्यान." फौजदार हसला म्हणून बरं.

माझी तिची ओळखही अशीच झाली. मी धामापूरची. मालवणच्या पोस्टात नोकरी लागली, पण संध्याकाळची गाडी कधी मिळायची, कधी चुकायची. म्हणून बाजारात खोली शोधत होते. कुणीतरी सांगितलं की कापडवाल्या इंदूकाकीच्या दुकानाच्या माडीवर एक खोली रिकामी आहे. मी गेले तेव्हा ती गादीवर बसून पंच्यांच्या घड्या घालत होती. मी खोलीचं विचारलं. तिने माझ्या ओढणीचं टोक हातात घेतलं.

"ह्यां खंयसून घेतलंस गो?"

"कुडाळातून."

"दोन पाण्यात फाटान बोंदरा होतला," ती म्हणाली आणि ओढणी सोडून पुढे म्हणाली, "पाणी सकाळी येता. भरून ठेवूचा लागता. चाय पितंस?"

ती ओढणी मी पुढे चार वर्षं वापरली. एकदा मुद्दाम तिला दाखवली आणि म्हटलं, "काकी, ही बघ, अजून आहे." तिने पुन्हा चुरून बघितली आणि जराही न ओशाळता म्हणाली, "मगे तू ती धुवूक नाय आसतलंस." आपलं चुकलं असं कबूल करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

दुकान तिच्या आजेसासऱ्यांनी थाटलेलं. मी राहायला गेले तेव्हा त्याचे सरळ दोन भाग झाले होते. पुढचा भाग तिच्या मुलाचा, निलेशचा. तिथे पर्यटकांसाठी टोप्या, अर्ध्या चड्ड्या, मालवणचं नाव छापलेले टीशर्ट टांगलेले असत. मागचा भाग काकीचा. तिथे गादी, लाकडी फडताळं, आणि फडताळांत पंचे, धोतरं, खण, चादरी आणि नऊवारी लुगडी. पुढून येणाऱ्या उजेडात टीशर्ट हलत असत आणि मागे काकी बसलेली असे. तिला टीशर्टांचा राग नव्हता. "लोक दर्यात खेळूक येतत, तेंका काय मी लुगडी न्हेसवू?" असं म्हणून ती स्वतःच एखाद्या पुण्याच्या बाईला चांगली टोपी शोधून देई.

तिचा राग दोन गोष्टींवर. एक म्हणजे गाऊन. बायका दिवसभर गाऊन घालून बाजारात येतात यावर ती तासभर बोलू शकत असे. गाऊन मात्र तिच्या दुकानात भरपूर खपत, आणि दुकान बंद झाल्यावर ती स्वतःही निळ्या फुलांचा गाऊन घालून ओसरीवर बसलेली असे. दुसरा राग देवीच्या ओटीसाठी मिळणाऱ्या विरविरीत, जाळीसारख्या खणांवर. एकदा माझी आई भगवतीची ओटी भरायला असा स्वस्तातला खण मागायला लागली, तेव्हा काकी म्हणाली, "वयनी, देवीक काय डास चावतत? मच्छरदाणी कशाक व्हरतास?" आईने मुकाट्याने सुती खण घेतला. घरी गेल्यावर दोन दिवस ती आठवून हसत होती.

एका गोष्टीत मात्र ती थट्टा करत नसे. बाजारात कुणाकडे मयत झालं की एखादा माणूस घाईघाईने दुकानात येई. तो काही बोलायच्या आधीच काकीला कळे. ती उठून पांढरं कापड काढी आणि कात्री न लावता हाताने फाडून देई. भाव सांगत नसे, तोही विचारत नसे. बारशाचं कापड कापताना मात्र ती कात्री पदराला पुसून घेई आणि मागितल्यापेक्षा वीतभर जास्त कापी. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माणूस इलो काय पयला कापड लागता आणि गेलो काय शेवटचा. ह्या दोन वेळांक हिशोब करू नये. मधला सगळा हौसेचा, थंय करूक हरकत नाय."

जुन्या गोष्टी सांगायला तिला आवडत. तिच्या सासऱ्यांनी तिला सांगितलं होतं की मालवणच्या पेठेत कापड दोन वाटांनी येई. एक वाट समुद्राची. गुजरातेकडून गलबतं येत, त्यांत छिटाचे तागे असत, आणि ते बंदरावर उतरले की पेठेतल्या बायका नवी नक्षी बघायला जमत. दुसरी वाट घाटाची. आंबोलीच्या घाटातून बैलांच्या पाठीवर लुगड्यांची गाठोडी खाली येत आणि त्याच बैलांवर मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जात. "म्हणजे बघ," काकी म्हणायची, "आमच्या बायकांच्या अंगार घाटावरचा लुगडा आणि घाटावरच्या जेवणात आमचो सुको बांगडो. एकमेकांचा तोंड कोणी बघूक नाय, पण धंदो चल्लो."

गलबतं गेली, बैल गेले, छिटं मुंबईहून ट्रकने यायला लागली. घाटावरची लुगडी मात्र येत राहिली. ती नेसणाऱ्या म्हणजे किनाऱ्यावरच्या मासळी विकणाऱ्या बायका. जाड सुताचं, गडद रंगाचं, बारीक चौकडीचं आणि लाल काठांचं ते लुगडं काष्टा घालून गुडघ्यापर्यंत नेसायचं, की बाई होडीपर्यंत पाण्यात जायला मोकळी. तरुण मुलींनी ते कधीच सोडलं होतं. उरल्या होत्या त्या सगळ्या साठीच्या पुढच्या.

एकदा दिवाळी होऊन गेल्यावर भागूबाय दुकानात आली. भागूबाय म्हणजे किनाऱ्यावरची सगळ्यात वयस्क मासळीवाली, आवाजाने मोठी आणि अंगाने काटक. मी पोस्ट सुटल्यावर तिथेच चहा पीत बसले होते. तिच्या अंगावर दांड घातलेलं लुगडं होतं, म्हणजे दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग मधोमध जोडून केलेलं.

"इंदू, लुगडा दाखय," ती पायरीवर बसत म्हणाली.

काकीने फडताळातून गिरणीचं नऊवारी काढलं. मऊ, छापील, हलकं. भागूबायने ते बोटांत धरलं आणि परत दिलं.

"ह्या माका नुको. आपला नेमीचा दाखय."

"नेमीचा येणा बंद झाला, भागूबाय. घाटावरच्या व्यापाऱ्यान सांगल्यान, आता कोण इणना नाय."

"असा कसा?" भागूबाय म्हणाली. "ह्या पातळ न्हेसून मी पाण्यात उतारलंय, तर लोक मासळी सोडून माकाच बघतले."

मी हसले, पण काकी हसली नाही. भागूबाय थोडा वेळ बसली, मग टोपली डोक्यावर घेऊन निघून गेली. तिच्या पाठीवरची जोडाची शिवण दूरपर्यंत दिसत होती. काकी तिच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी पुढच्या दोन गिऱ्हाइकांशी ती नीट बोललीही नाही.

रात्री जेवताना तिने निलेशला सांगितलं की ती घाटावर जाणार. निलेश तिशीतला, कष्टाळू मुलगा. त्याला मागची फडताळं हवी होती. समुद्रात बुडी मारणाऱ्या पर्यटकांना रबरी कपडे भाड्याने द्यायचा त्याचा विचार होता आणि तो काही वाईट विचार नव्हता.

"आये, आठ-धा म्हाताऱ्या आसत," तो म्हणाला. "तेंच्यासाठी कोण माग लावतलो?"

"इचारल्याशिवाय कसा कळतला?"

"आणि नाय म्हटल्यान तर?"

"तर येतंय परत. एसटी काय वरच रवतली?"

तिच्याबरोबर कोण जाणार हा प्रश्न निघाला, आणि मी दोन दिवसांची रजा टाकली. खरं सांगायचं तर मला आंबोली बघायची होती.

गाडी सावंतवाडी सोडून घाट चढायला लागली तेव्हा काकीने मला ते सांगितलं, जे तोवर कधी सांगितलं नव्हतं. तिचं माहेर आतल्या गावातलं, भात आणि काजूचं. कापड म्हणजे चादर आणि पंचा, एवढीच तिची ओळख. नवरा अचानक गेला तेव्हा निलेश रांगत होता. दीर म्हणाला, दुकान भाड्याने देऊया. ही म्हणाली, मी बसते.

"बसलंय खरी," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण कोण येय ना. पुरषांका बायलेकडसून धोतार घेवक लाज आणि बायलांका वाटा, हिका काय कळता. तीन दिवस मी नुसती माशे मारीत बसलंय. चवथ्या दिवशी मासळीचो लिलाव संपल्यार भागूबाय इली. एकटी नाय, धा-बारा जणी घेवन. सगळ्यो टोपल्यो पायरीर ठेवन बसल्यो आणि म्हणाक लागल्यो, लुगडी दाखय. मी दाखवलंय ती सगळी चुकीची. एकीन मागल्यान एक, मी दिलंय दुसरा. दुसरा कोण आसता तर उठान गेला आसता. भागूबायन माजो हात धरल्यान, कापडार ठेवल्यान आणि म्हणाली, डोळ्यांनी कापड बघू नुको, बोटांनी बघ. प्रत्येक लुगड्यार माजो हात फिरवल्यान. मगे सगळ्यांनी एकेक घेतल्यानी. गरज आसलेल्यांनी आणि नसलेल्यांनीव."

धुक्यामुळे बाहेरचं काही दिसत नव्हतं.

"तिका मी लुगडा नाय म्हणान परत धाडलंय," काकी म्हणाली.

व्यापाऱ्याकडून काकीने ज्या विणकराचा पत्ता मिळवला होता त्याचं नाव शिवाप्पा. गडहिंग्लजच्या पुढे एका लहान गावात त्याचं घर. घराबाहेरूनच विजेच्या मागांचा खडखडाट ऐकू येत होता. त्याचा मुलगा दोन मागांवर चकचकीत सहावारी साड्या काढत होता. शिवाप्पा सत्तरीचा, शिडशिडीत, कपाळावर विभूती लावलेला. त्याने आम्हाला मागच्या पडवीत नेलं, कारण पुढे एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पडवीत जमिनीतल्या खड्ड्यावर बांधलेला जुना हातमाग होता. त्याच्यावर जळाऊ लाकडं रचून ठेवलेली होती.

काकी त्याच्याशी परगावच्या गिऱ्हाइकांसाठी राखलेल्या मराठीत बोलली. शिवाप्पाने सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, आता कोण नेसतंय हो हे?"

"दहा जणी आहेत."

"दहा जणींसाठी?"

"तुम्ही अकरावीची वाट बघताय का?"

म्हातारा हसला. मग त्याने शांतपणे अडचण सांगितली. लुगडं एकटं विणता येत नाही. उभ्या सुताचा ताणा एकदा लावला की त्याच्यात दहाएक लुगडी निघतात, म्हणून अख्खा ताणा घ्यायला लागतो. काकी म्हणाली, अख्खा घेते. मग तो म्हणाला, हल्ली हलकं कापड लोकांना आवडतं, सूत कमी घालतो, वजन निम्मं होईल.

"नको," काकी म्हणाली. "पहिल्यासारखं दाट पाहिजे."

"का पण? माझा बाप पण असंच म्हणायचा, खालच्या बायकांना दाट लागतंय. का लागतंय ते त्यालाही ठाऊक नव्हतं."

"ते सांगून कळायचं नाही. खाली या आणि बघा."

शिवाप्पा मागावरच्या लाकडांकडे बघत राहिला. "माझी अडचण दुसरीच हाय, अक्का," तो म्हणाला. "धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायला माणूस न्हाई. बायको भरायची. मी विणायचा आणि ती तिथं, त्या खांबाला टेकून रहाट फिरवायची. ती गेली आणि मी मागावर लाकडं रचली."

काकीने त्या खांबाकडे बघितलं. ती विधवा होती, तिला अशा वेळी काय बोलावं हे माहीत असेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "मी भरते."

"तुम्हाला येतंय?"

"नाही."

माझी रजा संपली तशी मी एकटी परत आले. दुसऱ्या दिवशी निलेश पोस्टाच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

"आमची आये खंय आसा?"

"घाटावर. कांड्या भरते आहे."

"तू तिका वर पार्सल करून इलंस काय?" तो म्हणाला. मागे रांगेत उभी असलेली माणसं हसायला लागली, त्यामुळे तो आणखी चिडला. आठवडाभर त्याने मला जिन्यात ओळख दिली नाही.

काकी तिथे पंधरवड्याहून जास्त राहिली. शिवाप्पाची सून लक्ष्मी काजूच्या कारखान्यात कामाला जायची, तिच्या खोलीत काकी झोपायची. रोज संध्याकाळी मला फोन करायची. पहिले काही दिवस नुसती रड. सूत तुटतं, कांडी सैल होते, मागावर गेली की धागा गुंततो. शिवाप्पा एक शब्द बोलत नसे. तिची वाईट कांडी बाजूला ठेवी आणि स्वतः दुसरी भरून घेई. "तो माका वायट बोल्लो आसतो तर बरा झाला आसता," काकी म्हणायची. मग एका संध्याकाळी तिने फोन केला आणि काहीच सांगितलं नाही. जेवलीस का, पाणी भरलंस का, एवढंच विचारलं. मी समजले की त्या दिवशी तिची कांडी मागावर चालली.

ती परत आली तेव्हा बारीक झाली होती. उजव्या हाताच्या बोटावर सुताने कापल्यासारखी रेघ पडली होती. दुकानात बसली, एक गिऱ्हाईक पंच्याचं कापड मागायला आलं. तिने ताग्यातून माप घेतलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि थांबली. गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणाली, "इतकी वर्षां टर्रकन फाडलंय गो मी कापड. आता फाडताना हात थांबता. एका वीतेत किती येळ जाता ता बघून इलंय ना."

लुगडी तिने बरोबर आणली नव्हती. शेवटची दोन विणायची होती आणि शिवाप्पा म्हणाला होता की मी स्वतः घेऊन येतो. निलेशला ते खरं वाटत नव्हतं. पण एका संध्याकाळी सावंतवाडीच्या गाडीतून शिवाप्पा उतरला. गाठोडं त्याने टपावर टाकलं नव्हतं, अख्खा घाट मांडीवर घेऊन बसला होता. त्याला न्यायला निलेशच गेला. गाठोडं घ्यायला हात पुढे केला, तर म्हाताऱ्याने ते दिलं नाही.

शिवाप्पा मांसमच्छी खाणारा नव्हता. काकीने आदल्या दिवसापासून घरात मासळी आणली नव्हती, नवं पातेलं काढलं होतं आणि सकाळपासून तीनदा ओटा पुसला होता. तरी जेवायला बसताना तिने विचारलं, "वास येतो का हो?" तो म्हणाला, "अक्का, गाडीतनं उतरल्यापासनं सगळ्या गावालाच येतोय. मी आता ठरवलंय, हा दर्याचा वास." तिला एवढी हसताना मी क्वचित पाहिली.

त्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याच्या बापाने, आज्यानेही नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्या घराने किनाऱ्यावरच्या बायकांसाठी विणलं आणि त्यांच्यातलं कुणी आंबोलीच्या खाली उतरलं नव्हतं.

भागूबाय आणि इतर बायकांनी त्याच संध्याकाळी येऊन लुगडी नेली. सकाळी होड्या यायच्या वेळेला आम्ही शिवाप्पाला किनाऱ्यावर नेलं. वाळूत पाय ठेवताना त्याने वहाणा काढून हातात घेतल्या, देवळात जाताना घेतात तशा. पहिली होडी उथळ पाण्यात आली तशा बायका पुढे सरसावल्या. सगळ्यांत पुढे भागूबाय, नव्याकोऱ्या लुगड्यात, काष्टा घट्ट खोवलेला, टोपली काखेत. ती सरळ पाण्यात शिरली. गुडघा बुडाला, मग मांडी, मग लाट आली आणि कमरेपर्यंत भिजली.

"अहो, भिजलं की," शिवाप्पा कळवळून म्हणाला. "नवंकोरं हाय."

भागूबाय टोपली भरून परत आली तेव्हा तिच्या लुगड्यातून पाणी निथळत होतं आणि खळीचं पांढरं पाणी वाळूवर उतरत होतं. काकीने तिला सांगितलं की हाच तो विणणारा. भागूबायने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"भिजला म्हणान रडतंस काय रे?" ती म्हणाली. "भिजूचाच आसा ता. नायतर न्हेसलंय कशाक?"

"जड होत न्हाई?" शिवाप्पाने विचारलं.

"होता. पण अंगाक चिकटणा नाय. बघ." तिने ओल्या निऱ्या हाताने झटकल्या. कापड अंगापासून सुटं झालं आणि तसंच सुटं राहिलं. "आमी सगळ्या बाजारासमोर वाकान मासळी इकतंव. चार पुरूष समोर उभे आसतत. आमचा लुगडा पातळ आसून कसा चालतला? घाटावर कोणी सांगूक नाय तुका?"

"न्हाई," शिवाप्पा म्हणाला. "कोण सांगणार?"

तो वाकला आणि त्याने तिच्या पदराचा भिजलेला काठ हातात धरला. भागूबायने धरू दिला. दुसरी होडी आली तशी ती म्हणाली, "सोड आता, माका काम आसा," आणि पुन्हा पाण्यात गेली. शिवाप्पा उन्हं वर येईपर्यंत तिथेच उभा होता. पाण्यात एका वेळी त्याची पाच-सहा लुगडी दिसत होती. काकी माझ्याजवळ उभी होती. तिने डोळ्याला पदर लावला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "खारो वारो."

जाताना शिवाप्पाने निलेशला सांगितलं, "तुमची आई कांड्या बऱ्या भरती. पहिल्या आठवड्यातल्या सोडून."

त्या ताण्यातलं एक लुगडं मागे राहिलं होतं, कारण जिच्यासाठी मागवलं ती बाई मुलीकडे रत्नागिरीला गेली होती. मुंबईच्या एका बाईला ते फार आवडलं. काकी मागेल ती किंमत द्यायला ती तयार होती. काकीने विचारलं, "नेसणार का?" बाई म्हणाली, दिवाणखान्याच्या भिंतीवर लावेन. काकी म्हणाली, "भिंतीला थंडी वाजत नाही हो." निलेश नंतर आईशी भांडला. पण मागची फडताळं त्याने रिकामी करायला सांगितली नाहीत. रबरी कपडे त्याने जिन्याखाली टांगले. माझ्याशीही तो पुन्हा बोलायला लागला होता.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी काकीला दम लागायला लागला. तिने तो बरेच दिवस लपवला. जिना चढताना मध्येच थांबून ती भिंतीवरच्या पोपड्यांबद्दल बोलायची, म्हणजे आपण दमलो हे कळू नये. हृदय मोठं झालं आहे असं कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं. ती दवाखान्यात असताना मी भेटायला गेले तर खाटेवरच्या चादरीचं टोक तिच्या बोटांत होतं. मी विचारलं, "कशी आहे चादर?" ती म्हणाली, "चादर बरी आसा. धुणारो वायट." त्यानंतर चार दिवसांनी ती गेली.

तिला घरी आणलं तेव्हा बाजार बंद झाला होता. लिलाव आटोपून किनाऱ्यावरच्या बायका तशाच आल्या, ओल्या पायांनी, आणि दुकानाच्या पायरीवर ओळीने बसल्या. कुणी मोठ्याने रडलं नाही. भागूबाय आत आली, काकीजवळ बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन बराच वेळ तशीच राहिली. शेवटचं कापड काढायला निलेश उठला. त्याने तागा खाली घेतला, पण त्याच्याने फाडवेना. ते मी फाडलं.

शिवाप्पाला कळवायचं राहिलं होतं. निलेशने पुष्कळदा फोन केला, पण त्या घरात मागांच्या आवाजात फोन कुणाला ऐकू येत नसे. बाराव्यानंतर तो स्वतःच गाडीत बसून वर गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला तेव्हा मी दुकानात होते. त्याने टोपी काढून बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच आईच्या गादीच्या कडेला बसला.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"पुढचे माग बंद करूक लावल्यान आणि पडवीत जावन बसलो. मीय बसलंय. मगे माका इचारल्यान, आता काय करायचं? ताणा लावू की नको?"

"आणि तू काय म्हणालास?"

"मी नको म्हणूक गेलल्लंय गो," निलेश म्हणाला. "खरा सांगतंय. घाट चढताना तसाच ठरवलेला. पण तोंडातसून इला, पुरो ताणो लावा."

मी विचारलं, "पण कांड्या कोण भरणार? आता काकी नाही."

"ताच मी तेका इचारलंय. तर तेची सून भायर इली आणि खांबाक टेकान रहाटार बसली. काजीच्या कारखान्यातसून इल्यार रोज सांजची भरता म्हणे." तो उठला आणि दिवा लावायला पुढे गेला. जाता जाता म्हणाला, "सासूकडसून शिकाचा तिचा रवान गेलेला. तिका आमच्या आयेन शिकवल्यान."